श्रूझबरी : दीड दिवसात काय पाहावं, कोणत्या क्रमानं?

पायपीट

श्रॉपशर काउंटीचं मुख्य गाव श्रूझबरी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे दीड दिवस मिळतोय. सकाळी बर्मिंगहॅमहून ट्रेननं पोहोचायचं, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. गाडी नाही. तिघांपैकी एकांचे गुडघे दुखरे आहेत. सपाटीवर कितीही चालतील, पायऱ्या मात्र मोजूनच.

काय काय आहे याच्या याद्या भरपूर मिळतात. किल्ला, ॲबी (जुन्या मठाचं चर्च), डार्विनचा पुतळा, काळी-पांढरी लाकडी घरं, फ्लॅक्समिल (जुनी सूतगिरणी), १४०३ चं रणांगण. पण सुरुवात कुठून करावी, कशाला किती वेळ द्यावा आणि तिथे उभं राहून नेमकं बघावं काय, हे कुठे नाही. शिवाय तीन शंका. फ्लॅक्समिल आणि रणांगण यांतलं एकच जमलं तर कोणतं? क्लाइव्हचा पुतळा अजून चौकात आहे का? आणि नोव्हेंबरात पुराचं काय?

नकाशे_घडीचे

आधी नकाशा उघडून सेव्हर्न नदी कशी वळते ते बघा. घोड्याच्या नालासारखा टेकडीला वळसा घालून ती जवळजवळ निघाली तिथेच परत येते. नालाची दोन टोकं एकमेकांपासून जेमतेम ३०० यार्डांवर. तीन बाजूंना फुकटचा खंदक, चौथी बाजू तेवढी बंद करायची. नॉर्मन लोकांनी किल्ला नेमका त्या तोंडावर बसवला, आणि १८४८ मध्ये रेल्वेलाही तीच जागा सोयीची वाटली. म्हणून स्टेशनातून बाहेर पडलं की डोक्यावर किल्लाच दिसतो. पूर्वेचा पूल इंग्लंडच्या बाजूचा म्हणून इंग्लिश ब्रिज, पश्चिमेचा वेल्सकडे तोंड करून म्हणून वेल्श ब्रिज. श्रूझबरीचा सगळा इतिहास हा असा सीमेवरचा आहे : वेल्सवर नजर ठेवायची, आणि वेल्सच्या लोकरी कापडावर पैसा करायचा.

पहिला दिवस, स्टेशनपासून :

किल्ला लाल वालुकाश्माचा आहे. १०८६ च्या डोम्सडे नोंदवहीत गावकऱ्यांची तक्रार लिहिलेली आहे, की किल्ल्यात ५१ घरांची जागा गेली तरी आमच्याकडून कर मात्र पूर्वीइतकाच वसूल होतो. ११३८ मध्ये राजा स्टीफननं किल्ला घेतला आणि आतल्या शिबंदीतल्या नव्वदहून अधिक माणसांना फाशी दिलं. आज दिसतं ते सगळं जुनं समजू नका. १७८० च्या दशकात टॉमस टेलफर्ड या अभियंत्यानं इथले खासदार विल्यम पुल्टनी यांच्यासाठी तो राहण्याजोगा करून दिला, आणि टेकाडावरचा लॉराज टॉवर हा पुल्टनींच्या मुलीसाठी बांधलेला हौसेचा मनोरा. वर चढायला पायऱ्या आहेत. गुडघेवाल्यांनी खालच्या हिरवळीवर बसावं, काही बिघडत नाही. आत पलटणींचं संग्रहालय आहे. एकूण पाऊण तास.

समोर रस्त्यापलीकडे वाचनालय. ही श्रूझबरी स्कूलची जुनी इमारत. सहाव्या एडवर्डच्या सनदेनं १५५२ मध्ये शाळा निघाली. डार्विन १८१८ ते १८२५ इथे शिकला. बाहेरचा त्याचा बसलेला पुतळा १८९७ चा. शाळा १८८२ मध्ये नदीपलीकडे किंग्जलँडला गेली.

तिथून सेंट मेरीज चर्च पाच मिनिटांवर. एकाच चर्चच्या आत जायला वेळ असेल तर हेच. कारण काचा. पूर्वेच्या मोठ्या खिडकीत चौदाव्या शतकातला जेसीचा वंशवृक्ष (येशूच्या पूर्वजांचा वेल) आहे. तो मुळात गावातल्या फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चमधला. मठ बंद झाल्यावर तो जुन्या सेंट चॅड्समध्ये गेला, आणि १७८८ मध्ये ते चर्च कोसळल्यावर इथे आला. बाकीच्या खिडक्यांत एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या एका धर्मगुरूंनी युरोपातून गोळा केलेल्या काचा आहेत. जर्मनीतल्या आल्टेनबर्ग मठातली संत बर्नार्डच्या चरित्राची चित्रं बघाच. नोव्हेंबरात उजेड चारच्या सुमारासच जातो, म्हणून हे दुपारच्या आत उरका. काच बाहेरून काळीच दिसते, तिचा सगळा जीव बाहेरून आत येणाऱ्या उजेडात.

पुढे बुचर रो, फिश स्ट्रीट, मग द स्क्वेअर. इथल्या अरुंद बोळांना ‘शट’ म्हणतात. ग्रोप लेन, गलेट पॅसेज, गोल्डन क्रॉस पॅसेज अशी नावं शोधत फिरा. बेअर स्टेप्स मात्र नावाप्रमाणेच पायऱ्या. तिथे वळसा घालून बुचर रोवरून प्राइड हिलला निघालं की पायऱ्या न लागता चौकात येता.

चौकातलं ओल्ड मार्केट हॉल १५९६ चं. खाली उघडा बाजार, वर कापडाचे व्यवहार. ड्रेपर्स कंपनी या कापडवाल्यांच्या संघातल्या व्यापाऱ्यांची वेल्श कापडावर जवळपास मक्तेदारी होती. खालच्या एका खांबाला ओळीनं पाडलेली भोकं दिसतील. विकलेली लोकर मोजायची ही पद्धत : एक नग गेला की खुंटी पुढच्या भोकात. बहुतेक लोक त्या खांबाला टेकून कॉफी पितात आणि भोकं बघतच नाहीत. वरच्या मजल्यावर आता सिनेमागृह आहे.

संध्याकाळी क्वॉरी बाग आणि तिच्या डोक्यावरचं गोल सेंट चॅड्स. दुसऱ्या दिवशी सकाळी वाइल कॉपचा उतार उतरून इंग्लिश ब्रिजवरून ॲबी. परतीला तोच चढ आहे, सावकाश चढा.

तुळई

वरचा क्रम बरोबर आहे. पण श्रूझबरी ही बांधकाम बघायला यायची जागा आहे, आणि त्यातही बांधकाम फसतं कसं हे बघायची. ते थोडं सविस्तर लिहितो.

लाकडी घरांपासून सुरुवात. काळं-पांढरं हे बरंचसं व्हिक्टोरियन काळातलं फॅड. ओकचं लाकूड मूळचं न रंगवता ठेवत, ते करडं पडे. म्हणून रंगावर जाऊ नका, जोडणी बघा. बुचर रोवरचं ॲबट्स हाउस १४५० च्या दशकाअखेरचं. लाकडातली वार्षिक वलयं मोजून काळ काढलाय. त्याचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेत, आणि कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना पुढे आलेत. एका बाजूला मजला पुढे काढायला तुळया भिंतीबाहेर सोडल्या की झालं. दोन्ही बाजूंना काढायचा तर तुळयांची दिशा मध्येच बदलावी लागते, आणि त्यासाठी कोपऱ्यात एक जाड तिरकी तुळई घालतात. दोन्हीकडच्या तुळया तिच्यात येऊन बसतात. तिचं बाहेर आलेलं टोक कोपऱ्यातल्या खांबाच्या डोक्यावर दिसतं. तळमजल्यावर पंधराव्या शतकातल्या दुकानांची तोंडंही शाबूत आहेत.

मग हाय स्ट्रीटवरची आयर्लंड्स मॅन्शन आणि ओवेन्स मॅन्शन बघा. ही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, कापडाच्या पैशातून उभी राहिलेली. इथे लाकूड गरजेपेक्षा कितीतरी जास्त वापरलंय, कारण लाकूड दाखवणं म्हणजे पैसा दाखवणं. दोरासारखे पीळ कोरलेल्या पट्ट्या, खोलगट चार पाकळ्यांची नक्षी, द्राक्षवेल : ही इथल्या सुतारांची ओळख. एकदा डोळ्यांत बसली की गावभर सापडते.

आता जुनं सेंट चॅड्स. प्रिन्सेस स्ट्रीट आणि बेलमाँटच्या कोपऱ्यावर लाल दगडाचं एक चॅपेल एकटंच उभं आहे, तेवढंच उरलं. १७८८ मध्ये छप्पर गळतं म्हणून टेलफर्डला बोलावलं. त्यानं सांगितलं, छपराचं सोडा, मनोऱ्याचा वायव्येकडचा खांब खचतोय. कारण साधं होतं : त्या खांबाच्या पायालगत थडगी खणलेली. दगडी मनोऱ्याचं सगळं वजन चार खांबांवर असतं. एका खांबाखालची माती मोकळी झाली की तो किंचित बसतो, आणि तो बसला की त्याच्या वाटणीचा भार कमानींतून उरलेल्या तिघांवर जातो. भिंतींना तडे गेलेले होतेच. समितीतल्या लोकांना वाटलं, हा स्वतःसाठी काम काढतोय. तडे काय, पूर्वीपासून आहेत. थोड्याच दिवसांत, ९ जुलै १७८८ च्या पहाटे, घड्याळाचे टोले पडत असताना मनोरा खाली आला. पहाट असल्यानं आत कुणी नव्हतं.

नवं सेंट चॅड्स मग दुसऱ्या जागी बांधलं, जॉर्ज स्टुअर्टच्या आराखड्यानुसार, १७९२ मध्ये पुरं झालं. गोल सभागृह, व्यास १०० फूट. आवारात डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मधल्या एबेनीझर स्क्रूजच्या नावाचं थडगं आहे, ते १९८४ च्या एका चित्रीकरणातलं नेपथ्य, खरं नव्हे. डार्विनचा बाप्तिस्मा मात्र खरोखर याच चर्चमध्ये झाला.

पायाचीच आणखी एक गोष्ट : टाउन वॉल्स रस्त्यावर १८५६ चं रोमन कॅथलिक कॅथिड्रल आहे. उंच मनोरा योजलेला होता, पण पाया खणताना वाळूचा थर लागला आणि मनोऱ्याचा बेत सोडून द्यावा लागला. सेंट चॅड्सपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, अडुसष्ट वर्षांनी का होईना, कुणीतरी जमिनीचं ऐकलं. (अवांतर : कॅथिड्रल असूनही श्रूझबरी ‘सिटी’ नाही, टाउनच आहे.)

सेंट मेरीजच्या बाहेरच्या भिंतीवर रॉबर्ट कॅडमनची पाटी शोधा. १७३९ मध्ये चर्चच्या कळसापासून नदीपलीकडे दोर बांधून त्यावरून घसरत येण्याचा खेळ तो करायचा. दोर तुटला आणि तो मेला. पाटीवर कारणही दिलंय : दोर वाजवीपेक्षा जास्त ताणला होता. वाचताना उलटं वाटतं, पण गणित तसंच आहे. दोराला झोळ असेल तर माणसाचं वजन उभ्या दिशेत सहज पेललं जातं. दोर जवळजवळ आडवा केला की तेवढंच वजन पेलायला दोरातला ताण कैक पटींनी वाढावा लागतो. सैल दोर दिसायला भीतिदायक, पण तगतो.

त्याच कळसाचा वरचा भाग १८९४ च्या फेब्रुवारीतल्या वादळात कोसळून छपरातून आत पडला. त्या वेळी गावात डार्विनच्या स्मारकाची चर्चा चालू होती, आणि हा देवाचा कोप आहे असं तिथल्या धर्मगुरूंचं म्हणणं पडलं. तीन वर्षांनी पुतळा उभा राहिलाच.

आता तुमची शंका. एकच जमत असेल तर फ्लॅक्समिल, दुसरा विचार नको.

जवसाच्या धाग्यापासून सूत काढायची ही गिरणी, १७९७ ची, डिदरिंग्टनला. त्या काळच्या गिरण्या लाकडी तुळयांच्या आणि लाकडी जमिनीच्या. हवेत जवसाची धूळ, यंत्रांना तेल, उजेडाला उघडी ज्योत. गिरण्या एकामागून एक जळत. या गिरणीच्या भागीदारांपैकी जॉन मार्शल याची लीड्सची गिरणी १७९६ मध्ये जळाली होती. दुसरा भागीदार चार्ल्स बेज, त्यानं आराखड्यातून लाकूडच काढून टाकलं. बिडाचे खांब, त्यांवर बिडाच्या तुळया, आणि तुळयांच्या मध्ये विटांच्या बुटक्या कमानी. लोखंडी खांब आधी डर्बीशरमध्ये वापरले गेले होते, पण तिथे तुळया लाकडीच होत्या. खांब आणि तुळया दोन्ही लोखंडाच्या असलेली ही जगातली पहिली इमारत. पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतींची आजी म्हणतात तिला, ते उगीच नाही.

आत गेल्यावर तीन गोष्टी बघा. एक, खांबाचा छेद गोल नाही, अधिकचिन्हासारखा आहे, आणि खांब मध्यावर जाड, टोकांना बारीक. दाबाखाली खांब मध्यातूनच वाकतो, म्हणून धातू तिथे जास्त. दोन, विटांच्या कमानी बाजूंना रेटा देतात. शेजारशेजारच्या कमानी एकमेकींना तोलतात, पण शेवटच्या कमानीचा रेटा बाहेरच्या भिंतीवर जातो, म्हणून घडीव लोखंडाच्या सळ्यांनी सगळं बांधून घेतलंय. बीड दाब सोसतं, ओढ सोसत नाही. ओढीसाठी घडीव लोखंडच. तीन, खिडक्या. कित्येक बुजवून लहान केल्यात. १८९७ नंतर इथे बिअरसाठी मॉल्ट बनू लागलं, आणि धान्याला मोड आणायला अंधार लागतो. एकाच भिंतीत दोन उद्योग वाचता येतात. १९८७ ला तेही बंद पडलं, मग बरीच वर्षं नुसता सांगाडा. दुरुस्ती होऊन २०२२ मध्ये उघडलं.

स्टेशनपासून उत्तरेला साधारण मैलभर, रस्ता जवळजवळ सपाट. दोन तास ठेवा. उघडण्याचे वार ऋतूप्रमाणे बदलतात, ते आधी बघून मगच दिवस ठरवा.

घेरिया

क्लाइव्हचा पुतळा आहे, चौकातच, मार्केट हॉलसमोर. मारोकेत्तीनं केलेला, १८६० चा. २०२० मध्ये तो हटवावा म्हणून हजारो सह्यांचे अर्ज गेले. काउन्सिलनं तो ठेवायचं ठरवलं.

तो इथे का, हे तिथे उभं राहिल्यावर पटकन कळत नाही. क्लाइव्ह याच काउंटीतला, मार्केट ड्रेटनजवळचा. हिंदुस्थानातून पैसा आणल्यावर १७६१ पासून १७७४ ला मरेपर्यंत तो श्रूझबरीचा खासदार, आणि १७६२ मध्ये मेयर. म्हणजे प्लासीनंतर चार वर्षांत. त्या पैशानं पार्लमेंटातली जागा कशी मिळे, याचा हा उघडा दाखला.

मराठी वाचकाला मात्र प्लासीच्या आधीचं एक वर्ष आठवायला हवं. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग; इंग्रजी कागदांत ‘घेरिया’. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध समुद्रातून वॉटसनचं आरमार, इंग्रजांच्या जमिनीवरच्या तुकडीचा प्रमुख क्लाइव्ह, आणि घाटाकडून पेशव्यांची फौज. तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीत आंग्र्यांचं आरमार एकमेकांना बांधलेल्या स्थितीत जळालं, दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पुढल्या वर्षी जूनमध्ये प्लासी. पुतळ्याच्या चौथऱ्यावर फक्त ‘क्लाइव्ह’ एवढंच आहे, त्यामुळे हे आपलं आपणच आठवायचं.

चौकाजवळच म्युझिक हॉलमध्ये गावाचं संग्रहालय आहे, तिथे रोमन दालन चुकवू नका. पाच-सहा मैलांवरच्या रॉक्सिटर या रोमन शहरातल्या वस्तू आहेत. गाडी नसताना रॉक्सिटरला जाण्याच्या फंदात दीड दिवसात पडू नका.

पाणपातळी

पुराबद्दल. श्रूझबरीत पाऊस किती पडतोय यावर पूर ठरत नाही, वेल्सच्या डोंगरात किती पडला यावर ठरतो. ते पाणी इथे पोहोचायला दिवस-दीड दिवस लागतो, त्यामुळे गावात लख्ख ऊन आणि नदी फुगलेली, असंही होतं. निघायच्या आदल्या दिवशी एन्व्हायरनमेंट एजन्सीच्या पानावर ‘वेल्श ब्रिज’चं माप बघा; आकडा किती यापेक्षा चढतोय की उतरतोय ते महत्त्वाचं. इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या असतात. ‘फ्लड अलर्ट’ म्हणजे सावध राहा. नदीकाठची वाट पाण्याखाली जाते, बाकी गाव चालू. ‘फ्लड वॉर्निंग’ म्हणजे पाणी शिरणार हे धरून लगेच हालचाल करा. ‘सीव्हिअर’ म्हणजे जिवाला धोका. हिवाळ्यात पहिली पायरी इथे नित्याची आहे, तिला घाबरून बेत रद्द करू नका.

२००० सालच्या मोठ्या पुरानंतर फ्रँकवेल या नदीकाठच्या वस्तीला २००३ मध्ये बंधारा झाला. त्यात पाणी चढू लागलं की जागेवर बसवायच्या पट्ट्यांचाही भाग आहे, म्हणून तिथे अचानक ॲल्युमिनियमची भिंत दिसली तर दचकू नका. कोलम आणि ॲबी फोरगेटच्या बाजूला पाणी अजूनही येतं. टेकडी मात्र कोरडीच राहते. तेव्हा मुक्काम वळशाच्या आत, वरच्या अंगाला घ्या. स्टेशनच्या बाजूनं बाहेर पडायची वाट राहते. नदीकाठी स्वस्त मिळालं म्हणून हुरळू नका.

पाणी चढलं असेल तर ॲबी पहिल्याच दिवशी उरका, इंग्लिश ब्रिजजवळचे रस्ते आधी बंद होतात. बोटीच्या फेऱ्या नोव्हेंबरात धरूच नका.

नकाशे_घडीचे

ॲबीबद्दल माझ्याकडून राहिलं. रॉजर द माँटगमरीनं १०८३ मध्ये बेनेडिक्टाइन मठ काढला. बाराव्या शतकात साधूंनी वेल्समधून संत विनिफ्रेडच्या अस्थी आणल्या, कारण यात्रेकरू येण्यासाठी मठाला अस्थी लागत. १५४० मध्ये मठ बंद, पूर्वेकडचा अर्धा भाग पाडला. आत शिरलात की बुटके, जाडजूड गोल खांब नॉर्मन. पूर्वेचं टोक व्हिक्टोरियन काळात पुन्हा बांधलेलं. बाहेर रस्त्यापलीकडे एक नक्षीदार दगडी ओटा एकटाच उभा दिसेल. ते मठाच्या भोजनगृहातलं व्यासपीठ. साधू जेवत आणि एक जण त्यावरून वाचत असे. मधून रस्ता गेला कारण १८३६ मध्ये टेलफर्डच्या होलीहेड मार्गासाठी मठाचं आवार कापलं. भला माणूस, पण रस्ता म्हटला की त्याला काही दिसत नसे.

नोव्हेंबरात जाताय म्हणून एक : आतल्या युद्धस्मारकावर कवी विल्फ्रेड ओवेनचं नाव शोधा. तो ४ नोव्हेंबर १९१८ ला पडला. तार त्याच्या आईवडिलांना श्रूझबरीत मिळाली ती ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना.

इंग्लिश ब्रिज ओलांडताना कठड्यावरून कमानी बघा. जॉन ग्विनचा १७७४ चा पूल मध्ये फार उंच होता, चढाला गाड्या दमत. १९२० च्या दशकात तो दगडांना आकडे घालून उतरवला, रुंद आणि सपाट करून त्याच दगडांत पुन्हा रचला. वाइल कॉपच्या उतारावर हेन्री ट्यूडर हाउस आहे. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईला जाताना हेन्री ट्यूडर (पुढचा सातवा हेन्री) तिथे उतरला असं सांगतात. ‘माझ्या पोटावरूनच आत जाशील’ अशी शपथ घेतलेल्या गावच्या अधिकाऱ्यानं मग रस्त्यात आडवं पडून त्याला वरून जाऊ दिलं, म्हणजे शपथही राहिली आणि डोकंही. दंतकथा आहे, पण गावाच्या स्वभावाला शोभणारी.

पायपीट

सगळ्यांचे आभार. फ्लॅक्समिल नक्की. रणांगण सोडतोय, पण तिथे नेमकं काय चुकणार आहे? आणि स्टेशनवर परतीच्या वेळी अर्धा तास मोकळा राहतोय.

जुना_भाता

रणांगणावर डोळ्यांना दिसण्यासारखं थोडंच आहे : गावाच्या उत्तरेला तीनेक मैलांवर शेतं, आणि मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी चौथ्या हेन्रीनं बांधवलेलं एक चर्च. २१ जुलै १४०३ ला हेन्रीनं तिथे बंडखोर हॉटस्पर पर्सीचा पराभव केला. इंग्लंडच्या भूमीवर दोन्ही बाजूंनी लाँगबो (उंच, लांब धनुष्य) घेऊन झालेली ही पहिली मोठी लढाई. हॉटस्पर मेला यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून पुरलेलं प्रेत उकरून श्रूझबरीत आणून उभं केलं.

लढाईपेक्षा तिच्यानंतरची शस्त्रक्रिया जास्त मोलाची. सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या गालात बाण घुसला. काठी उपटली गेली, पातं सहा इंच आत राहिलं. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्यानं आधी जखमेचं तोंड रुंद केलं : एल्डर झाडाच्या गाभ्याच्या काड्या, फडक्यात गुंडाळून गुलाबाच्या मधात भिजवलेल्या, रोज थोड्या जाड. मग खास चिमटा घडवला. दोन पाकळ्या मिटून पात्याच्या पोकळ नळीत सारायच्या, मधला स्क्रू फिरवला की पाकळ्या फाकून आतून नळी पकडतात. हळूहळू हलवत पातं बाहेर. जखम पांढऱ्या वाइननं धुतली, आणि रोज काडी लहान करत आतून बाहेर भरू दिली; तोंड आधी मिटलं असतं तर आत पू साचून मुलगा गेला असता. पुढे फ्रान्समध्ये अझेंकूरला लढला तो हाच पाचवा हेन्री. तेव्हा शेतं राहिली तरी चालेल. हॉटस्परला जिथे उभं केलं ती हाय क्रॉसची जागा प्राइड हिलच्या वरच्या टोकाला आहे, तुमच्या वाटेवरच. त्याच जागी १२८३ मध्ये वेल्सचा राजपुत्र डॅविड याचा हालहाल करून वध केला होता.

सांधेवाला

अर्धा तास स्टेशनवरच घाला. बाहेरून इमारत नीट बघा. १८४८ ची ट्यूडर ढंगाची. १९०० च्या आसपास जागा कमी पडली तेव्हा समोरचं आवार खणून मजला वाढवला तो वर नाही, खाली. दगड इतका जुळवलाय की सांगितल्याशिवाय कळत नाही.

मग प्लॅटफॉर्मच्या दक्षिण टोकाला चालत जा. तो भाग पुलावर आहे, खाली सेव्हर्न. पुढे रुळांच्या बेचक्यात विटांची उंच सिग्नल केबिन दिसेल, सेव्हर्न ब्रिज जंक्शन, १९०३ ची. आत १८० खटके. हातानं चालणारी याहून मोठी केबिन जगात आज चालू नाही. सगळे खटके वापरात नाहीत, पण पाच दिशांच्या गाड्या इथे येतात : वुल्व्हरहॅम्प्टन, हेरेफर्ड, चेस्टर, क्रू आणि ॲबरिस्टविथ. खटका ओढला की रुळाकडेच्या तारा आणि दांडे हलतात, आणि सांधा (रूळ बदलायची जोड) फिरतो किंवा सिग्नलचा हात पडतो. आधी सांधा बसला नसेल तर त्या मार्गाचा सिग्नल यंत्रातच अडकतो. माणसानं विसरायचं म्हटलं तरी जमत नाही. गाडी यायच्या दोन मिनिटं आधी उभे राहा, हात पडताना दिसेल.

पायपीट

झकास. शेवटची शंका : गावाचं नाव नक्की कसं म्हणायचं? श्रूझबरी की श्रोझबरी?

घेरिया

दोन्ही चालतं, आणि गावातच भांडण आहे. जुना उच्चार ‘श्रो’, मूळ नाव स्क्रोबेसबिरिगच्या जवळचा. शाळेचं नाव अजून तसंच घेतात. बाजारात बहुतेक ‘श्रू’. काउंटीला ‘सॅलप’ही म्हणतात, १९७४ ते १९८० ते अधिकृत नावच होतं, आणि इथला माणूस सॅलोपियन. ट्रेनमध्ये ‘श्रूझबरी’ म्हणालात तर कुणी काही बोलणार नाही. ‘श्रोझबरी’ म्हणालात तर एखादा विचारेल, तुम्ही त्या शाळेत होतात का.